लाकूड किती, वारा किती

टेंपोवाल्यानं मागचा फाळका सोडला, गडगडाट करत लाकडं अंगणात ओतली आणि तो निघूनही गेला. मे महिना संपत आला होता. मिरगाच्या आत सरपण पडवीत गेलं पाहिजे, म्हणून घरातले लहानथोर सगळे कंबर कसून उभे राहिले. तेवढ्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या धाकट्या नातीनं विचारलं, ‘‘आजोबा, आपण किती लाकडं घेतली?’’

टेंपोवाल्याच्या भाषेत एक टेंपो. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, ‘‘पूर्वीच्या हिशेबानं दोन बैलगाड्या तरी होतील.’’ कामाला आलेली बाई म्हणाली, पन्नासेक मोळ्या. मुलांची आजी म्हणाली, श्रावण निघेपर्यंत न्हाणीचं चुलवण पेटेल एवढी. आणि आठवीतला थोरला नातू म्हणाला, ‘‘किलोमध्ये सांगा ना कुणीतरी!’’

‘‘उत्तरं सगळी बरोबर आहेत,’’ मी म्हटलं, ‘‘पण एकातूनही लाकूड किती ते कळत नाही. तुम्ही रचायला लागा. मी इथे पायरीवर बसतो आणि सांगतो. हात चालू राहिले तरच गोष्ट चालू राहील.’’

मग मी जे सांगितलं ते असं.

दूध मोजणं सोपं असतं. भांड्यात ओतलं की ते आपण होऊन कानाकोपऱ्यात जाऊन बसतं. तांदूळही शहाणा. पायलीत भरला, वरून हात फिरवला, झालं माप. लाकूड मात्र हट्टी. कुणाचं कोपर वाकडं, कुणाच्या अंगाला गाठ, कुणाला तोडलेल्या फांदीचा खुंट. दोन लाकडं शेजारी ठेवली की मधे फट राहते ती राहतेच. म्हणून माणसानं लाकडाची पहिली मापं लाकडावरून केलीच नाहीत. ती त्यानं स्वतःच्या अंगावरून केली.

मोळीचं माप कुणी ठरवलं? डोक्यावर चुंबळ ठेवून रानातून येणाऱ्या बाईच्या मानेनं. दोन टेकड्या उतरून घरापर्यंत जेवढं पोचवता येईल तेवढी मोळी. तरण्या सुनेची मोठी, सासूची लहान, आणि दोन्ही मोळ्याच. गाडी म्हणजे बैलांना चढावर ओढवेल एवढं ओझं. इंग्लंडात जहाजांच्या लाकडाचं माप होतं ‘लोड’. तेही ओझंच. पुढे चौरस करून घेतलेल्या लाकडासाठी ते ५० घनफुटांवर पक्कं झालं, पण नावात गाडीवान राहिलाच. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानी जहाजं बांधली गेली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल इथे तरंगत उभं आहे. दोनशेहून जास्त वर्षं तो साग पाण्यात आहे! मला ही गोष्ट सांगताना दर वेळी अंगावर काटा येतो.

आता तू दोन्ही हात पसरून उभी राहा बघू. या हाताच्या मधल्या बोटापासून त्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जे अंतर, त्याला आपण वाव म्हणतो. विहिरीचा दोर वावेनं मोजायचे. चार हात म्हणजे एक वाव. हेच हात झाडाभोवती घातले की होते कव. माझे आजोबा झाड तोडायचं की नाही ते कवेनं ठरवायचे. एका कवेत येतंय तोवर त्याला हात लावायचा नाही, वाढू द्यायचं.

गंमत पुढे आहे. इथून हजारो कोस दूर, बर्फाच्या स्वीडनमध्ये, जळणाच्या रचलेल्या राशीचं जुनं माप आहे ‘फाम्न’. त्या शब्दाचा अर्थ काय ठाऊक आहे? मिठी. शेजारच्या फिनलंडची भाषा अगदी वेगळ्या कुळातली, तरी त्यांचं माप ‘सिली’, त्याचाही अर्थ मिठी, कुशी. जर्मनी-ऑस्ट्रियात ‘क्लाफ्टर’, म्हणजे पुन्हा पसरलेले दोन हात. खलाशी समुद्राची खोली ज्यानं मोजतात तो ‘फॅदम’ हा शब्दसुद्धा मुळात मिठीचाच. कोकणातला माझा आजोबा आणि स्वीडनमधला लाकूडतोड्या एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण लाकूड दोघांनाही हात पसरूनच उचलावं लागत होतं.

नात हात पसरून तशीच उभी होती. तिनं आपले हात बघितले, मग भावाचे बघितले. ‘‘पण आजोबा, माझी वाव लहान आहे.’’

बरोबर! भांडण तिथेच सुरू होतं. विकणारा म्हणतो माझ्या हातानं, घेणारा म्हणतो माझ्या. मग राजाला मधे पडावं लागतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांचं एक प्रकरणच आहे. त्यात साधा हात २४ अंगुलांचा. लाकूड कापणाऱ्या करवत्यांचं माप निराळं, ४२ अंगुलांचं. आणि ज्या वनांतून लाकूडफाटा यायचा त्यांच्या मोजणीसाठी तिसराच हात, तब्बल ५४ अंगुलांचा. अंगुल पाऊण इंचाचं धरलं तर हा रानाचा हात चाळीस इंचांच्या घरात जातो, म्हणजे आजच्या मीटरच्या जवळपास. रानातलं काम मोठं, म्हणून हातही लांब केला असावा, असं मला वाटतं.

हातानंतर आली दोरी. दोरीला वय नसतं, ती दमत नाही. अमेरिकेत अजूनही जळण ज्या मापानं विकतात त्याचं नावच ‘कॉर्ड’, म्हणजे दोरी. चार चार फुटांची लाकडं आडवी रचायची, चार फूट उंच आणि आठ फूट लांब. चार चोक सोळा, सोळा आठे एकशे अठ्ठावीस. १२८ घनफूट म्हणजे एक कॉर्ड. पूर्वी या राशीला दोरी लावूनच ती मोजत.

फ्रान्समध्येही दोरीच होती, पण गावोगावची दोरी वेगळी. राज्यक्रांतीनंतर त्यांनी ठरवलं की सगळ्यांसाठी एकच माप हवं. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यानं मीटर, लिटर, ग्राम यांना जन्म दिला. पण त्याच कायद्यात आणखी एक भावंड होतं, ते आपल्या शाळेच्या पुस्तकात येत नाही. त्याचं नाव ‘स्टेर’. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी रास. आणि ते खास जळणासाठी! विचार करा, नवं जग मोजायला बसलेल्या त्या विद्वानांना चुलीतल्या लाकडाची एवढी काळजी होती. पॅरिसच्या हिवाळ्यात सरपण म्हणजे जीव, हे त्यांना ठाऊक होतं. मीटर आणि लिटर जगभर फिरले. स्टेर घरीच राहिला, पण फ्रान्सच्या खेड्यांत लोक आजही स्टेरनंच जळण मागवतात.

‘स्टेर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून घेतला त्याचा अर्थ भरीव. आता मला सांगा, ही तुम्ही रचलेली रास भरीव आहे का?

थोरल्यानं राशीच्या फटीला डोळा लावला. पलीकडचा फणस दिसत होता. ‘‘नाही.’’

मग माझी एक गोष्ट ऐका. मी बावीस वर्षांचा होतो. परगावी नोकरीला लागलो होतो, तुमच्या आजीला नुकतंच घरी आणलं होतं. पाऊस तोंडावर आला, म्हणून एका वखारीतून रचलेली रास घेतली. दोरी लावून लांबी बघितली, उंची बघितली, हिशेब चोख केला आणि पैसे मोजले. गाडीत भरायला रास उलगडली, तेव्हा बाहेरच्या दोन थरांत सरळ सोट लाकडं आणि पोटात वाकड्यातिकड्या फांद्या एकमेकींवर आडव्या टाकून चौकड्या केलेल्या. आत मांजरी व्याली असती तर तिला पिलांसकट ऐसपैस जागा होती. जुलैच्या मध्यालाच सरपण संपलं आणि तुमच्या आजीनं ओल्या लाकडांवर डोळे चोळत दिवस काढले. त्याचं मला फार वाईट वाटलं. पत्रातून वडिलांना कळवलं, तर त्यांनी एकच ओळ लिहिली होती: दोरी बाहेरून फिरते, आत जात नाही.

तेव्हापासून मला हा नाद लागला. राशीत लाकूड किती आणि वारा किती?

हे कळायला मोठी यंत्रं लागत नाहीत. मी मुलांना माळ्यावरचं पायलीचं जुनं माप आणायला सांगितलं. सुरीच्या मुठीएवढ्या जाड, सरळ काटक्या मापाच्या उंचीएवढ्या तोडून त्यात उभ्या ठासून भरायला लावल्या. आता एकही काटकी जाणार नाही, अशी खात्री झाल्यावर ओहोळाची कोरडी, चाळलेली वाळू हळूहळू वरून ओतली. वाळू सळसळत खाली गेली. पुन्हा ओतली, पुन्हा गेली. नातीचे डोळे मोठे होत चालले. माप शिगेला आलं, तेव्हा सगळं रिकामं करून नुसती वाळू मोजली. एक शेर भरून वर आणखी एक चिपटं.

चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. म्हणजे सोळा चिपट्यांच्या मापात पाच चिपटी वाळू. थोरल्यानं तोंडी हिशेब केला, ‘‘शंभरातले एकतीस!’’

एवढ्या ठासून भरलेल्या मापात शंभरातले एकतीस हिस्से वारा होता. रचलेल्या राशीतही साधारण असंच असतं. अमेरिकेच्या १२८ घनफुटांच्या कॉर्डमध्ये खरं लाकूड बहुधा ८० ते ९० घनफूटच निघतं. जर्मन लोक यात फार प्रामाणिक. त्यांनी एकाच मीटरला दोन नावं ठेवली आहेत. फटींसकट मोजला तर ‘राउममेटर’, म्हणजे जागेचा मीटर. फटी वगळून, निव्वळ लाकूड असेल तर ‘फेस्टमेटर’, म्हणजे भरीव मीटर. जागेचे दहा मीटर घेतले की भरीव सातच्या आसपास मिळतात, हे तिथल्या शेतकऱ्यालाही पाठ असतं. असे दोन शब्द मला बाविसाव्या वर्षी कुणी दिले असते, तर!

आता फटी कमी कशा करायच्या? खिशातली रुपयाची नाणी मी ओटीवर मांडली. आधी ओळीखाली ओळ, पाढ्याच्या तक्त्यासारखी. चार नाण्यांच्या मधे एक मोठी चांदणीसारखी फट पडते. अशा मांडणीत शंभर भाग जागेतले ७८.५ भाग नाण्यांखाली जातात. मग दुसरी ओळ थोडी सरकवली, वरच्या दोन नाण्यांच्या खोबणीत खालचं एक बसवलं. फटी एकदम बारीक झाल्या. आता प्रत्येक नाण्याभोवती सहा नाणी, मधमाशीच्या पोळ्यासारखी, आणि भरलेली जागा ९०.७. याहून दाट मांडणी एकसारख्या नाण्यांची होऊच शकत नाही, याची पक्की सिद्धता हंगेरीच्या लास्लो फेयेश टोट या गणितज्ञानं विसाव्या शतकात दिली. मधमाशी त्याच्या कितीतरी आधीपासून पोळं बांधते आहे.

‘‘आजोबा, मग बारीक लाकडं घेतली तर फटी कमी होतील ना?’’ थोरल्यानं विचारलं.

मोठमोठ्यांना चकवणारा प्रश्न हाच. एका खोक्यात एकसारखे जाडजूड ओंडके खोबणीत रचले, दुसऱ्या तेवढ्याच खोक्यात एकसारख्या बोटाएवढ्या काठ्या त्याच पद्धतीनं रचल्या. कशात लाकूड जास्त? दोन्हींत जवळजवळ सारखंच! जाड ओंडक्यांमधल्या फटी मोठ्या पण मोजक्या, बारीक काठ्यांमधल्या फटी इवल्याशा पण असंख्य. ओंडक्यांच्या राशीचा फोटो काढून तो लहान केला, तर फोटोतलं लाकूड लहान होतं तशा फटीही त्याच हिशेबानं लहान होतात. त्यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी दुसरं काही बोललोच नव्हतो.

पण ही झाली कागदावरची लाकडं. रानातली फांदी जेवढी बारीक तेवढी वाकडी, आणि वाकडेपणा खोबणीत बसत नाही. म्हणून बारीक फांद्यांच्या राशीत वारा जास्त. यावर उपाय तुमच्या आजीला कुणी शिकवला नाही, तरी तिला येतो. ती लाकडं हातभरच तोडून घेते. लांब वाकडं लाकूड धनुष्यासारखं असतं. त्याचे तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा जवळजवळ सरळ. तीच लाकडं मग कमी जागेत बसतात.

एवढ्यात ढिगाच्या तळातून एक भला मोठा ओंडका निघाला, ऐनाचा, अजून ओला. दोघांनी मिळून तो ढकलत पायरीपाशी आणला. राशीचं ठीक आहे, पण हा एकटा ओंडका कसा मोजायचा?

इथे पुन्हा दोरीच. मी नातीच्या हातात सुतळी दिली. ओंडक्याच्या मध्यावर वेढा घाल. मध्यावरच, कारण झाड बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळतं. आता वेढ्याएवढी सुतळी सोडवून तिची घडी घाल, त्या घडीची पुन्हा घडी. चार पदर झाले. या चौथ्या भागाला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं. संपला हिशेब. पाय (π) नको, त्रिज्या नको.

ही रीत एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या नावानं ओळखली जाते. १७३६ साली त्यानं तयार कोष्टकांचं पुस्तक छापलं, ज्याला फार गणित येत नाही त्याच्यासाठी. त्यावरून मापाला ‘हॉपस फूट’ हे नाव पडलं. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातला सागाचा व्यापार याच मापानं चालला. घेराच्या चौथ्या भागाचा हा हिशेब आपल्याकडे वनखात्यात आणि वखारींत पिढ्यान् पिढ्या रुजला.

आकडे घालून बघू. घेर चार फूट, लांबी दहा फूट. चौथा भाग एक. एक एके एक, गुणिले दहा. दहा घनफूट. पण शाळेच्या रीतीनं वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून मोजलं तर येतात १२.७३. पावणेतीन घनफूट गेले कुठे?

थोरला म्हणाला, ‘‘फसवलं!’’

थांब. हा ओंडका करवतीखाली घालून चौकोनी तुळई काढायची म्हटलं, तर चारी बाजूंचे गोल ढलपे निघून जातात. या ओंडक्यातून निघणारी मोठ्यात मोठी चौकोनी तुळई ८.१ घनफुटांची. म्हणजे ओंडका १२.७३, तुळई ८.१ आणि हॉपसचं माप त्यांच्या मधे, दहावर. साल, भुसा, ढलपे यांचं नुकसान घेणाऱ्यानं एकट्यानं सोसायचं नाही आणि विकणाऱ्यानंही नाही. म्हणूनच ते माप एवढी वर्षं टिकलं असं मी मानतो.

आता माझ्या आवडीची जागा. दहाला १२.७३ नं भागा. उत्तर ७८.५ टक्के. हा आकडा मघाशी कुठे ऐकला?

‘‘नाण्यांच्या वेळी!’’ नात ओरडली.

चौकोनी मांडणीत नाण्यांनी व्यापलेली जागा ७८.५ टक्के. हॉपसचं माप खऱ्या लाकडाच्या ७८.५ टक्के. हा योगायोग नाही. वर्तुळ चौकोनाच्या आत चपखल बसवा, ते चौकोनाचा एवढाच हिस्सा भरतं. उलट, वर्तुळाभोवतीची दोरी सोडवून तिचाच चौकोन करा, तो वर्तुळाचा एवढाच हिस्सा भरतो. सुतळीचं कडं करून मी मुलांना दाखवलं. तीच सुतळी, तीच लांबी, पण गोल केली की पोटात सगळ्यांत जास्त जागा, चौकोनी केली की कमी. झाडाच्या सालीखाली एक पातळ जिवंत थर असतो, तो चहूबाजूंना सारखं नवं लाकूड घालत जातो. म्हणून खोड गोल होतं, आणि तेवढ्याच सालीत जास्तीत जास्त लाकूड मावतं.

आणि ज्याच्या हाती ही दोरी, तो कोण? सुतार हा शब्दच सूत्रधार या शब्दावरून आला, सूत धरणारा. आजही आपले सुतारमिस्त्री फळीची जाडी ‘तीन सूत’, ‘पाच सूत’ अशीच सांगतात. आठ सुतांचा एक इंच.

उन्हं कलली. आजीनं कोकम सरबत आणून दिलं. मी खिशातून भिंग काढून मांगरातल्या एका सागाच्या तुकड्याचं कापलेलं तोंड नातीला दाखवलं. वर्षावर्षाची कडी दिसतातच, पण प्रत्येक कड्याच्या सुरुवातीला टाचणीनं टोचल्यासारख्या भोकांची रांग. ही भोकं म्हणजे नळ्या. मुळांनी ओढलेलं पाणी याच वाटेनं शेंड्याला जायचं. त्यांच्या आजूबाजूला भिंगातही न दिसणाऱ्या लाखो बारीक नळ्या. ओंडका म्हणजे नळ्यांची मोळीच, झाडानं आपल्या हातानं बांधलेली.

त्या नळ्यांची भिंत ज्या पदार्थाची असते तो पाण्याच्या दीडपट जड. साग असो, सावर असो, खैर असो, भिंतीचं द्रव्य सगळीकडे जवळजवळ तेवढ्याच वजनाचं. मग सावर हलकी आणि खैर जड का? सावरीच्या नळ्या पोकळ, भिंती पातळ. खैराच्या भिंती जाड, पोकळी थोडी. वाळलेला साग पाण्याच्या ०.६५ पट. ०.६५ ला १.५ नं भागा: ०.४३. सागाच्या भरीव दिसणाऱ्या ठोकळ्यातही शंभरात त्रेचाळीसच द्रव्य, बाकी पोकळी. आणि तशा ठोकळ्यांची रास केली तर? राशीत शंभरात एकोणसत्तर लाकूड, त्या लाकडात शंभरात त्रेचाळीस द्रव्य. थोरल्यानं गुणाकार केला आणि वर बघितलं, ‘‘तीससुद्धा नाही!’’

साग कुणी चुलीत घालत नाही, तो हिशेबापुरता. पण बघा, अंगणभर ढीग, आणि त्यात खरोखर जळणारं द्रव्य एक-तृतीयांशाहून कमी.

‘‘मग किलोनंच घ्यावं,’’ तो म्हणाला. सकाळचा त्याचा हट्ट त्यानं सोडला नव्हता.

त्याचं म्हणणं खोटं नाही. वाळलेलं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच देतं. म्हणून वखारीत जळण मणावर मिळायचं. चाळीस शेरांचा मण, सदतीस किलोंहून थोडा जास्त. १९५८ पासून दशमान वजनं येऊ लागली आणि मण हळूहळू क्विंटलला जागा देत गेला. पण तोलावर दुसराच पाहुणा येऊन बसतो. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात कधी कधी निम्मं पाणी असतं. मापानं घेतलं तर वाऱ्याचे पैसे, वजनानं घेतलं तर पाण्याचे. शिवाय ते पाणी उडवायला जाळ वेगळा. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात, आणि त्या आपल्या आंघोळीच्या पाण्यातून वजा होतात.

हे सांगत होतो तेवढ्यात न्हाणीतून आजीची हाक आली. चुलवणात चुकून आजच्या ढिगातलं एक ओलं लाकूड गेलं होतं. मुलं धावली. लाकडाचं आतलं टोक जळत होतं आणि बाहेरच्या कापलेल्या टोकातून फसफसून फेस येत होता, बुडबुडे फुटत होते, बारीक शिट्टी वाजत होती. नात चुलीपुढे उकिडवी बसली.

‘‘आजोबा, नळ्या!’’

मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर त्या ओल्या ऐनाच्या ओंडक्याचं काय करायचं यावर चर्चा झाली. मी म्हटलं, हा जाळायचा नाही, दिवाळीपर्यंत पडवीत ठेवायचा. पिळलेला कपडा दोरीवर टाकला की आधी ठिबकतो, मग नुसता दमट राहतो, मग सुकतो. लाकडाचं तसंच. आधी नळ्यांच्या पोटातलं पाणी जातं, तेव्हा ओंडका हलका होतो पण आकार तोच राहतो. मग भिंतींतलं पाणी निघू लागलं की तो अंग आक्रसतो. घेराच्या दिशेला सगळ्यांत जास्त, गाभ्याच्या दिशेला त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. घेर आवळू बघतो, गाभा तेवढा मागे सरत नाही, आणि या ओढाताणीत ओंडका बाहेरून आत तडकतो. तुम्ही प्रत्येक वाळल्या ओंडक्याच्या तोंडावर त्या चिरा बघितल्या असतील, गाभ्याकडे टोक केलेल्या.

‘‘किती आक्रसेल?’’ थोरल्यानं विचारलं.

मी आकडा सांगितला नाही. सुतळीचं भेंडोळं त्याच्याकडे दिलं. त्यानं एक सुतळी ओंडक्याच्या मध्यावर करकचून वेढली. दुसरी लांबीच्या दिशेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून खिळ्यांना बांधली. नातीनं आपल्या वेणीची लाल फीत सोडून वेढ्याच्या गाठीवर बांधली, म्हणजे मधे कुणी गाठ सोडली तर कळेल. कोळशानं तिनं सालीवर तारीख लिहिली. मग दोघं झोपायला गेली. मी कंदील घेऊन पुन्हा एकदा पडवीत गेलो आणि गाठीखाली नख घालून बघितलं. जात नव्हतं.